साडूभाऊंचा कोळसा

थोरले, आज तुमच्या तेराव्याला पाण्याचं काम माझ्याकडे होतं.

कामं वाटताना यमूताईंनीच सांगितलं, "पाणी धाकटे भाऊजी बघतील." कुणी हसलं नाही, दिवस हसण्याचा नव्हता. पण त्यांच्या बहिणीनं, माझ्या काशीनं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. पाण्यावरून ज्या माणसाशी मी जन्मभर भांडलो, त्याच्या घरचं पाणी आज मी भरायचं. तुम्ही असता तर नक्की म्हणाला असता, "काय धाकटे, शेवटी आलात ना पिंपापाशी?" म्हणून म्हटलं, तुमच्या ओसरीवर बसून हिशेब नको, भांडणच पुरं करावं. आता तुम्हाला उलट बोलता येणार नाही. अशी संधी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळतेय.

साडू हे नातं कुणी मागून घेत नाही. बायको बघून घ्यावी, सासरा चौकशी करून घ्यावा, पण साडू आधीच तिथं बसलेला असतो. मी बोहल्यावर चढलो तेव्हा तुम्ही त्या घरात जुने झाला होता. पाट तुमचा, तक्क्या तुमचा, आणि वाटीतलं तूपही आधी तुमच्याकडे वळायचं. सासरेबुवा आल्यागेल्याला आमची ओळख करून द्यायचे, "हे आमचे थोरले जावई, गिरणीत रंगमास्तर. शेकडो लुगडी यांच्या हाताखालून जातात." मग माझ्याकडे वळून चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "आणि हे धाकटे. बरे आहेत."

मी त्याच गिरणीच्या कचेरीत कारकून होतो. माझ्या बोटांना शाई, तुमच्या बोटांना रंग. पण कारकुनाची शाई कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तुमची निळी नखं पंगतीत पांढऱ्या भातावर अशी उठून दिसायची की पोरं पान विसरून बघत बसायची. तुम्हाला त्याचा अभिमान होता. तुम्हाला पुष्कळच गोष्टींचा अभिमान होता, थोरले. टरबूज ठोकून पारखण्याचा होता, आणि तुम्ही पारखलेलं प्रत्येक टरबूज आतून पांढरं निघालं. मुंग्यांवरून पाऊस सांगण्याचा होता. आपल्या गाण्याचाही होता, पण आजच्या दिवशी ते नको. माणूस इतक्या गोष्टींत चुकतो तेव्हा तो एखाद्या गोष्टीत बरोबर असेल असं त्याच्या साडूला कसं वाटावं? माझी बाजू एवढीच होती.

आमच्या शकूच्या लग्नाचा तो उन्हाळा. सोलापूरचा वैशाख म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको. तेव्हा आपण एकाच चाळीत होतो, आणि ती चाळ गिरणीच्या तळ्याचं पाणी पीत होती. तळं खाली गेलं होतं, वारा पडला होता, आणि एके सकाळी पाण्यावर भिजवलेल्या मेंदीसारखी हिरवी साय आली. बायका म्हणाल्या, बघा, शकूच्या लग्नाला तळ्यानं मेंदी भिजवली. मलाही ते आवडलं. मुलीच्या बापाला त्या दिवसांत सगळेच शकुन आवडतात.

मग थोडा वारा सुटला, साय ढकलली जाऊन सांडव्याच्या कोपऱ्यात गोळा झाली, आणि भैरू गवळ्याची म्हैस त्या कोपऱ्यात पाणी प्याली. संध्याकाळच्या आत ती आडवी झाली. भैरू चाळीत येऊन ओरडत होता, "कुणी तरी इख घातलंय बगा! हितंच प्याली, हितंच पडली!" लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणाचं कुणाशी वाकडं आहे याची उजळणी झाली. दोन भाऊबंद तर हातघाईवर आले. तुम्ही तेवढे म्हशीजवळ उकिडवे बसून तिच्या तोंडाला लागलेलं हिरवं एका काडीनं चिमणीच्या काचेच्या तुकड्यावर घेऊन बघत होता. म्हणालात, माणसाचं काम नव्हे, हे या हिरव्याचं काम. भैरूला ते पटलं नाही. शेवाळानं म्हैस मरते असं त्याच्या बापजाद्यांनी ऐकलं नव्हतं, आणि शेवाळाशी भांडता येत नाही ही त्याची खरी अडचण होती.

गिरणीच्या साहेबांनी मात्र मनावर घेतलं. मोरचुदाची पोती तराफ्याला बांधून तळ्यात फिरवली. ते निळे खडे विरघळत गेले तसं शेवाळ विटलं, तपकिरी पडलं, तळाशी गेलं. लग्नाच्या आदल्या सकाळी नळाला असं पाणी आलं की भांड्याचा तळ दिसावा. काचेसारखं. मी एक तांब्या भरून मुद्दाम तुमच्या दाराशी घेऊन आलो. इडा पिडा टळली, हे तुम्हाला दाखवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या कार्याला पाणी कसं आहे हेही मिरवायचं होतं.

तुम्ही तांब्या नाकाशी नेलात, आणि तसाच अंगणात ओतलात.

मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बापानं आणलेलं पाणी कुणी असं ओतत नाही. मी भडकलो. तुम्ही शांतपणे मला विचारलंत, "कच्च्या रंगाचं लुगडं पाण्यात टाकलं तर काय होतं?"

"रंग जातो," मी म्हणालो.

"कुठं जातो?"

तुम्हीच म्हणालात, "पाण्यात जातो. लुगडं पांढरं झालं म्हणून रंग नाहीसा झाला नाही. शेवाळ जिवंत होतं तोवर विष त्याच्या पोटात होतं. तेव्हा हळूच गाळून काढलं असतं तर पोटासकट गेलं असतं. आता मारलंत, त्याचं पोट फुटलं. हिरवं खाली बसलं, आणि जे आत होतं ते या काचेसारख्या पाण्यात आहे."

मी विचारलं, विष तुम्ही पाहिलंत का? चव घेतलीत? कुठल्या पुस्तकात वाचलंत?

"विष नाही पाहिलं," तुम्ही म्हणालात. "म्हैस पाहिली."

मग मी तोडगा काढला. पाणी उकळू. आचाऱ्याची चूल पेटलेलीच आहे, हंडे आहेत. पटकी, हगवण, काहीही असो, उकळलं की मेलं. सगळ्या शहरात शहाणी माणसं हेच करतात. मला वाटलं, आता तुम्ही निरुत्तर झालात. तुम्ही खिशातून रंगाची पुडी काढलीत, पातेल्यात पाण्यावर चिमूटभर टाकलीत आणि म्हणालात, "उकळा."

मी उकळलं. पाणी आटत गेलं आणि निळं होतं त्याचं जांभळट गडद झालं. आचारी, काशी, सासूबाई, सगळे गोळा झाले. तुम्ही म्हणालात, जे जिवंत असतं ते आगीनं मरतं, पण हे जिवंत नाही, हे नुसतं विरघळलेलं आहे. त्याला मरण नाही. वर पाणी आटलं की उलट दाट होतं. मग तुम्ही लाकडी कोळसा कुटून, नीट धुऊन, फडक्यात घालून त्यातून तेच निळं पाणी हळूहळू सोडलंत. खाली पडलं ते नितळ. रंगखात्यात सांडपाण्याचा रंग तुम्ही असाच ओढून घ्यायचा, हे मला ठाऊक होतं. पण ते आपल्या घरच्या प्यायच्या पाण्याला लागू होतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कारकुनाच्या डोक्यात एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात जात नाही.

त्या गडबडीत पातेलं कलंडलं आणि कन्यादानासाठी आणलेल्या माझ्या नव्या उपरण्यावर निळा शिंतोडा उडाला. दुसऱ्या दिवशी मी त्याच उपरण्यानं कन्यादान केलं. फोटोत तो डाग काळा दिसतो. अजून तो गेलेला नाही. तुमच्या बोलण्यातलं काय टिकलं काय नाही ते जाऊ द्या, तुमचा रंग मात्र कधी कच्चा निघाला नाही.

विहिरी तेव्हा कोरड्या होत्या. एकीत पाणी होतं ते मचूळ, त्यात डाळ शिजत नव्हती. तेव्हा नळाचंच पाणी गाळण्याशिवाय गत नव्हती. तुम्ही कुंभाराकडून मोठे रांजण आणवलेत, वरच्यांच्या बुडांना भोकं पाडलीत, खालच्यांना तोट्या बसवल्यात आणि मांडवाच्या दोन्ही अंगांना एकावर एक असे रचलेत. सगळ्यात वर खडी आणि वाळू, मध्ये कुटलेला कोळसा, खाली रिकामा. वाळू शेवाळाचा गाळ धरेल, पण विरघळलेलं धरणार नाही, ते कोळसा धरेल, असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. नळाचं पाणी आंघोळीला आणि धुण्याला, पिण्याला आणि स्वयंपाकाला फक्त रांजणाचं. घरातले सगळे पुरुष घागरी वर चढवून चढवून घामाघूम झाले. सासरेबुवा खुर्चीत बसून मला म्हणाले, "बघा धाकटे, थोरले कसे राबताहेत." माझ्या डोक्यावर तेव्हा घागर होती.

पण लग्नाच्या मांडवात मडक्यांची उतरंड शकुनाची, पुजायची असते हे तुम्ही विसरलात, आणि मीही. दुपारी मोहोळहून वऱ्हाड आलं. विहीणबाई खाली उतरल्या, मांडवाच्या दोन्ही बाजूंना रांजण एकावर एक चढवलेले पाहिले आणि त्यांना भरून आलं. एवढी थोरली उतरंड त्यांनी कुठल्याच मांडवात पाहिली नव्हती. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी रांजणांना हळदकुंकू लावलं, चुन्याची बोटं ओढली, वरच्या रांजणात अक्षता आणि सुपारी टाकली, नमस्कार केला. तुम्ही धावत येईपर्यंत तुमच्या वाळूची पूजा झाली होती.

आणि नेमकं तेव्हाच खालच्या रांजणाच्या तोटीतून पहिलं पाणी आलं. काळं. शाईसारखं काळं.

थोरले, मांडव गप्प झालेला मी पुष्कळदा पाहिला आहे. मानपानावरून होतो, लाडू कमी पडले की होतो. पण त्या दिवशी जसा झाला तसा कधी नाही. देवाच्या उतरंडीतून काळं पाणी. सासूबाईंनी डोळे मिटले. विहीणबाई कुंकवाचं बोट तसंच हवेत धरून उभ्या. वऱ्हाडातून कुणीतरी म्हणालं, "ही सोयरीक बरी न्हाय." शकू आत हळद लावून बसलेली. तिच्यापर्यंत हा शब्द गेला तर काय, आणि मोहोळला परत गेला तर काय. मला वाटलं, आता तुम्ही शास्त्र सांगायला लागणार. शेवाळ, पोट, म्हैस. विहीणबाईंच्या पुढ्यात मेलेल्या म्हशीची गोष्ट. मी मनातल्या मनात तुमच्या पाया पडलो.

तुम्ही म्हशीचं नाव काढलं नाही. हात जोडून म्हणालात, "विहीणबाई, उद्या तुमच्या सुनेच्या गळ्यात काय घालणार? काळे मणीच की. दृष्ट लागू नये म्हणून. आमच्याकडे पाण्यालाही घालतात."

विहीणबाईंनी तोटीकडे पाहिलं, तुमच्या निळ्या नखांकडे पाहिलं. मग विचारलं, "आन् हे काळं कवर येतंय?"

"दृष्ट निघेपर्यंत. पहिलं सांडून द्यायचं असतं. मग बघा."

पाणी काळ्याचं राखाडी झालं, राखाडीचं नितळ झालं. सगळं वऱ्हाड उभं राहून बघत होतं. नितळ झाल्यावर तुम्ही भांडं भरलंत, आधी स्वतः प्यालात, मग दुसरं भरून विहीणबाईंपुढे धरलंत. त्या प्यायल्या. तोंड पुसलं. म्हणाल्या, "ग्वाड हाय की. आमच्या हिरीपेक्षा बी."

मांडवात पुन्हा आवाज सुरू झाला तेव्हा मला कळलं की मी अजून हातातली घागर खाली ठेवली नव्हती.

लग्न लागलं. पंगती उठल्या. आपल्याकडे कुणालाही काही झालं नाही. त्याच आठवड्यात चाळीत बऱ्याच जणांना उलट्या झाल्या, पोटं धरून बसले. डॉक्टर म्हणाले उन्हाळा आहे, आमरस आहे. तुम्ही म्हणालात पाणी आहे. आणि मी? मी म्हणालो, पुरावा काय? तुमचे रांजण नसते तर आपल्याला झालंच असतं कशावरून? तेव्हापासून दिवाळी, संक्रांत, गड्ड्याची जत्रा, जिथं म्हणून आपण दोघं एका सतरंजीवर बसलो तिथं हा खटला उभा राहिला. शेवटी तुम्ही एकदा थकून म्हणालात, "धाकटे, जे झालं नाही त्याचा पुरावा कुठून आणू? या कामात जिंकलेला माणूस कसा दिसतो ठाऊक आहे? काहीच न केल्यासारखा." मी म्हणालो, वा, मग मी रोज जिंकतो. सगळे हसले. तुम्हीही हसलात. त्या वाक्याला मी दाद द्यायला हवी होती, आणि मी विनोद केला. तो चांगला होता, एवढं तरी मान्य करा.

एका गोष्टीत तुम्ही स्वतःच अडकला होता, आणि ते तुम्ही लपवलं नाहीत. कोळसा कायम काम करत नाही. तो भरतो, मग त्याच्यातून सगळं सरळ खाली येतं. रंगखात्यात हे लगेच समजतं, कारण रंग दिसतो. पाण्यातलं हे दिसत नाही. मग कोळसा जागा आहे की झोपला, कसं ओळखायचं? तुम्ही त्यावर पुष्कळ दिवस घालवलेत. शेवटी गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी रांजणात निळ्या रंगाचा थेंब टाकायची रीत काढलीत. खाली नितळ आलं तर कोळसा जागा, निळसर आलं तर बदला. मी विचारलं, निळं धरलं म्हणजे ते दुसरंही धरलं कशावरून? तुम्ही म्हणालात, "ते ठाऊक नाही. पण जो निळंसुद्धा धरत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही." तुमच्याकडून 'ठाऊक नाही' हे शब्द मी तेव्हा एकदाच ऐकले. टरबुजाच्या बाबतीत ते कधी निघाले नाहीत.

आता जे कधी बोललो नाही ते. लग्नाचे रांजण मोडायचे होते तेव्हा त्यांतली एक उतरंड मी आमच्या मागच्या पडवीत नेली. चाळ सुटली तेव्हा ती नव्या घरीही नेली, कोळसा बदलत राहिलो. काशी थेंब टाकायची, मी खाली भांडं धरून बघायचो. तुमच्याशी वाद घालून घरी यायचो आणि त्यातलंच पाणी पिऊन झोपायचो. शकूनं मोहोळला तशीच मांडली आहे, तिच्या सासूबाई रोज उतरंडीला हळदकुंकू लावतात आणि पहिलं पाणी सांडल्याशिवाय कुणाला पिऊ देत नाहीत. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. पण तुम्ही दुसऱ्या कुणाच्या घरी गेलात की पाणी पुढं आलं तर म्हणायचा, "तहान नाही." आमच्याकडे यायचा, मी आत हाक मारायचो, काशी भांडं आणायची, तुम्ही वासही न घेता घटाघटा प्यायचा आणि म्हणायचा, "अजून एक." मग तक्क्याला टेकून लगेच भांडायला सुरुवात. पडवीत काय आहे हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी दाखवलं नाही. आपला खटला असाच चालायचा, आणि त्याचा निकाल भांड्यात रोज लागायचा.

शेवटच्या आजारपणात तुम्हाला बोलवत नव्हतं. मी उशाशी बसलो होतो. यमूताईंनी चमच्यानं पाणी दिलं, तुम्ही ओठ मिटलेत. मी म्हणालो, "आमच्याकडचं आहे, थोरले." तुम्ही ओठ उघडलेत. एवढंच. त्याचा अर्थ मी लावणार नाही, लावला तर तुम्ही पुरावा मागाल.

आज गुरुजींनी उदककुंभ मागितला. मी तुमच्या नळावरून घट भरून आणला, नवं तांबडं मडकं, वर नारळ, गळ्याला सूत. तुमचा मधू पाटावर बसला होता, दर्भ हातात. गुरुजी म्हणाले, हा कुंभ त्यांच्या पुढच्या वाटेचा, तहान लागली की त्यांना हेच पाणी. मी घट ठेवायला वाकलो आणि आत पाहिलं. पाणी छान होतं. काचेसारखं. आणि मला दिसलं, तुम्ही तिकडे कुठल्या तरी झाडाखाली थांबला आहात, कुंभ नाकाशी नेता आहात आणि म्हणता आहात, "तहान नाही."

गुरुजींना म्हटलं, थोडं थांबा. ते म्हणाले, मुहूर्त. मी म्हटलं, यांच्या पाण्याला मुहूर्त नसतो, यांना ते आधी पटावं लागतं. घट अंगणात रिकामा केला. टांगा करून घरी गेलो. पडवीतल्या रांजणात आधी तुमचा निळा थेंब टाकला आणि खाली भांडं धरून बसलो. नितळ आलं. मग घट त्याखाली धरला, भरला, मांडीवर घेऊन परत आलो. गुरुजी रागावले होते, पण यमूताईंनी घटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना म्हणाल्या, "आता म्हणा मंत्र. आता ते पितील."

कोळसा कालच नवा भरलाय, थोरले. थेंब टाकून बघितलाय. पहिलं पाणी सांडून दिलंय. प्या.